रोमन सोन्याचं नाणं कसं वाचायचं: चेहऱ्यापासून छिन्नीच्या घावापर्यंत

वस्तुसंग्रहालयात रोमन सोन्याचं नाणं दिसलं की आपण चेहरा पाहतो, पाटीवरचं सम्राटाचं नाव वाचतो आणि पुढच्या कपाटाकडे सरकतो. मीही बरीच वर्षं तेच करत होतो. एकदा एका नाण्याच्या मागच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहिला. खांबाला टांगलेलं चिलखत आणि त्याच्या दोन बाजूंना मान खाली घालून बसलेली दोन माणसं. ती कोण, का बसली आहेत, हे शोधण्यात एक अख्खा रविवार गेला. तेव्हा लक्षात आलं की हे नाणं म्हणजे एक पूर्ण वाक्य आहे. दर्शनी बाजूवर कर्ता असतो, मागच्या बाजूवर त्याने काय केलं किंवा काय केल्याचा दावा आहे, ते असतं. एकच बाजू पाहणं म्हणजे अर्धं वाक्य वाचून पुस्तक मिटणं.

हे वाक्य कसं वाचायचं, ते मी ज्या क्रमाने वाचतो त्याच क्रमाने सांगतो. नाणं हातात असायला हवं असं नाही. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो आणि वजन एवढं मिळालं तरी बरंच काम होतं. ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी यांच्या ऑनलाइन संग्रहांत हजारो रोमन नाणी फुकट पाहता येतात. सराव तिथेच करा.

पहिली पायरी: वजन आणि आकार

प्रत्यक्ष नाणं असेल तर फक्त कडेने धरा, खाली मऊ कापड अंथरा आणि ते पुसू नका. सोनं गंजत नाही. खाचांत बसलेली माती ही त्या नाण्याच्या प्रवासाची खूण आहे, तिला ब्रश लावायचा नाही.

मग वजन करा. रोमन सोन्याच्या नाण्याचं मुख्य नाव ऑरियस. ज्युलियस सीझरच्या काळात एका रोमन पौंडातून ४० ऑरियस पाडत, म्हणजे एक नाणं सुमारे ८ ग्रॅमचं, आपल्या गिन्नीएवढं. व्यास साधारण १९-२० मिलिमीटर, नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढा. नीरोने इ.स. ६४ मध्ये पौंडामागे ४५ नाणी पाडायला सुरुवात केली आणि वजन ७.३ ग्रॅमच्या आसपास आलं. कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये पौंडामागे ५० केली, वजन साडेसहा ग्रॅम. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाइनने सॉलिडस हे नवं नाणं काढलं, पौंडामागे ७२, सुमारे साडेचार ग्रॅमचं. ते पुढे कित्येक शतकं टिकलं.

एवढ्यावरूनच पहिला अंदाज बांधता येतो. पावणेआठ ग्रॅम भरलं तर नीरोच्या बदलाच्या आधीचं, सव्वासात भरलं तर नंतरचं, साडेचार भरलं तर कॉन्स्टंटाइन किंवा त्यापुढचं. नाणं झिजलं असेल तर थोडी सूट द्यावी लागते, पण सोन्याची नाणी चांदीपेक्षा कमी हात फिरत, त्यामुळे बहुतेकांची झीज कमी असते. एका ऑरियसला चांदीचे २५ डिनारियस मिळत. भाजी आणायला हे नाणं कुणी नेत नसे. ते सैन्याचा पगार, मोठे व्यवहार आणि दूरचा व्यापार यांसाठी होतं. म्हणूनच त्याच्यावरचं चित्र कुणाच्या डोळ्यांसाठी होतं, हा विचार सुरुवातीपासून मनात ठेवा.

दुसरी पायरी: डोक्यावर काय आहे?

चेहरा ओळखण्याच्या मागे लगेच लागू नका. आधी डोकं पाहा. लॉरेलच्या पानांचा मुकुट, मागे फितीची गाठ आणि लोंबणारी टोकं, हे सम्राटाचं नेहमीचं रूप. उघडं डोकं बहुधा वारसदार तरुणाचं असतं, मात्र ऑगस्टसच्या आणि इतर काही सम्राटांच्या नाण्यांवर खुद्द सम्राटही उघड्या डोक्याने दिसतो. टोकदार किरणांचा मुकुट सूर्याशी नातं सांगतो. मोत्यांची किंवा रत्नांची पट्टी, म्हणजे डायडेम, दिसली की आपण कॉन्स्टंटाइनच्या काळात पोहोचलो असं समजा. त्याआधी रोमन लोकांना ती राजेशाहीची खूण वाटे आणि राजा या शब्दाचं त्यांना वावडं होतं.

डोक्यावरून पदर घेतलेली आकृती यज्ञ करणारा पुरोहित असू शकते किंवा मरणानंतर देवपद मिळालेली व्यक्ती. थोरल्या फॉस्टिनाची नाणी पाहा. ती वारल्यावर तिचा नवरा अँटोनायनस पायसने तिच्या नावाची नाणी इतकी पाडली की मरणोत्तर छापच जास्त दिसतात. त्यांतल्या काहींच्या मागे मोर आहे. मोर हे जूनो देवीचं वाहन, आणि सम्राज्ञीचा आत्मा त्याच्यावर बसून स्वर्गात जातो अशी कल्पना. सम्राटासाठी तेच काम गरुड करतो.

तिसरी पायरी: कडेने फिरणारी अक्षरं

लोक इथे थबकतात, कारण शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि सगळं संक्षेपात असतं. दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की अर्धं काम झालं. एक, रोमन लिपीत यू नव्हता, त्याच्या जागी व्ही कोरत. ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस. दोन, नाव थोडं आणि पदव्या भरपूर असतात.

नेहमी भेटणारे संक्षेप असे. आय-एम-पी म्हणजे इम्पेरातोर, विजयी सेनापती. पी-एम म्हणजे पोंटिफेक्स मॅक्सिमस, मुख्य पुरोहित. टी-आर-पी म्हणजे ट्रिब्यूनचा, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधीचा अधिकार. हा दरवर्षी नव्याने धरला जाई, त्यामुळे त्याच्यापुढचा आकडा हीच तारीख. सी-ओ-एस म्हणजे कॉन्सल, रोमचं जुनं सर्वोच्च पद, पुढच्या आकड्यावरून कितव्यांदा ते कळतं. पी-पी म्हणजे राष्ट्रपिता. आणि डी-आय-व्ही-आय एफ म्हणजे ‘देवाचा मुलगा’. बाप मेल्यावर त्याला देव ठरवायचं आणि आपण देवपुत्र व्हायचं, ही वाट ऑगस्टसने घालून दिली.

आता हे जुळवून पाहू. माझ्या त्या रविवारच्या नाण्यावर ट्रेजन सम्राटाचं नाव होतं आणि दोन्ही बाजूंवर मिळून या पदव्या: जी-ई-आर, डी-ए-सी, ओ-पी-टी-आय-एम, पार्थिको, सी-ओ-एस सहा. साल कुठेच नाही. पण जर्मॅनिकस ही पदवी त्याला इ.स. ९७ मध्ये मिळाली, डेसिकस १०२ मध्ये, ऑप्टिमस म्हणजे ‘सर्वोत्तम’ ११४ मध्ये आणि पार्थिकस ११६ मध्ये. सहाव्यांदा कॉन्सल तो ११२ मध्ये झाला. ऑगस्ट ११७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. म्हणजे नाणं ११६-११७ मधलंच, जेमतेम दीड वर्षाच्या आतलं. पदव्या एकावर एक चढत जातात, त्यामुळे सर्वांत शेवटची पदवी शोधली की तारीख हाती येते. आधी मिळालेल्या पदव्यांवर वेळ घालवू नका.

चौथी पायरी: मागच्या आकृतीच्या हातात काय आहे?

हे आपल्या लोकांना खरं तर सोपं जायला हवं. विष्णूच्या केशव, नारायण, माधव या चोवीस मूर्ती आपण चेहऱ्यावरून ओळखत नाही. शंख, चक्र, गदा, पद्म कुठल्या हातात आहे त्यावरून ओळखतो. रोमन नाण्यांवरच्या बायका अशाच ओळखायच्या. चेहरे सगळ्यांचे सारखे, साडीसारखं घोळदार वस्त्र सारखं. हातातली वस्तू तेवढी वेगळी.

पंख असतील आणि हातात हार किंवा ताडाची फांदी असेल तर व्हिक्टोरिया, विजय. ऑलिव्हची डहाळी असेल तर पॅक्स, शांतता. तराजू असेल तर इक्विटास, व्यवहारातला न्याय. सुकाणू आणि फळाफुलांनी ओसंडणारं शिंग असेल तर फोर्चुना, नशीब. नशीब हातात सुकाणू घेऊन उभं असतं, ही कल्पना मला फार आवडते. सापाला भरवणारी सालूस, आरोग्य. फूल धरून दुसऱ्या हाताने वस्त्र किंचित उचलणारी स्पेस, आशा. एका हातात पैसे मोजायची पाटी आणि दुसऱ्यात ते शिंग असेल तर लिबेरालितास, म्हणजे सम्राटाने लोकांना पैसे वाटले. निमुळती टोपी दाखवणारी लिबर्टास. मुक्त केलेल्या गुलामाला ती टोपी मिळे, म्हणून टोपी म्हणजे स्वातंत्र्य.

इथे एक सवय लावून घ्या. फक्त नाव लावून थांबू नका, ‘हे आत्ताच का सांगावंसं वाटलं?’ असं विचारा. एकोपा म्हणजे कॉन्कॉर्डिया. ‘सैन्याचा एकोपा’ असं लिहिलेली नाणी सैन्याची निष्ठा डळमळीत असतानाच हमखास दिसतात. जे हातात घट्ट असतं त्याची जाहिरात कुणी करत नाही.

आकृती नसून वस्तू किंवा प्राणी असेल तर ती बहुधा थेट बातमी असते. ऑगस्टसच्या नाण्यावर मगर आहे आणि लिहिलंय ‘इजिप्त जिंकला’. मगर म्हणजे नाईल, नाईल म्हणजे इजिप्त, एवढं पुरे. क्लॉडियसच्या ऑरियसवर कमान आहे, ब्रिटनवरच्या विजयाची. हॅड्रियनच्या एका ऑरियसवर लंबगोल चौकटीत उभा तरुण आहे, हातात पृथ्वीचा गोल आणि त्याच्यावर फिनिक्स पक्षी. लिहिलंय ‘सुवर्णयुग’. जळून पुन्हा जन्मणारा पक्षी सोन्याच्या नाण्यावर बसवून तो सांगतो की माझ्यापासून काळ नव्याने सुरू झाला.

पाचवी पायरी: दोन्ही बाजू जोडा, मग इतिहासाशी ताडून पाहा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

आधी नीरो. इ.स. ५४ मध्ये तो सोळा वर्षांचा सम्राट झाला. त्या वर्षीच्या ऑरियसवर तो आणि आई ॲग्रिपिना समोरासमोर आहेत, दोघांचे चेहरे सारख्याच आकाराचे. आणि दर्शनी बाजूवर अक्षरं आईच्या नावाची आहेत. मुलाचं नाव मागे. पुढच्याच वर्षीचं नाणं शेजारी ठेवा. दोघं अजून आहेत, पण आता चेहरे एकामागे एक, नीरो पुढे आणि आई त्याच्यामागे झाकलेली. दर्शनी बाजूवर नाव नीरोचं, आईचं मागे गेलं. त्यानंतर ती नाण्यांवरून नाहीशी होते. इ.स. ५९ मध्ये नीरोने तिला ठार करवलं. त्या घरात काय चाललं होतं ते इतिहासकारांनी पुढे रंगवून लिहिलं, पण नाण्यांचा हा क्रम घटना घडत असतानाचा आहे. तिची जागा कशी आक्रसत गेली ते बोट ठेवून दाखवता येतं.

आता ट्रेजनचं ते नाणं. खांबाला टांगलेलं शत्रूचं चिलखत, म्हणजे विजयस्तंभ. खाली शोकात बसलेले दोन पार्थियन, म्हणजे रोमच्या पूर्वेकडच्या इराणी साम्राज्यातले लोक. तळाशी ‘पार्थिया काप्ता’, पार्थिया पकडला. वाक्य पूर्ण झालं: सर्वोत्तम सम्राट ट्रेजनने पार्थिया जिंकला.

खरंच जिंकला का? इ.स. ११६ मध्ये त्याने राजधानी टेसिफोन घेतली, हे खरं. तिथून तो इराणच्या आखातापर्यंत गेला. कॅसियस डिओ हा इतिहासकार सांगतो की तिथे त्याने भारताकडे निघालेलं जहाज पाहिलं आणि आपण तरुण असतो तर नक्की गेलो असतो असं म्हणाला. वय साठीच्या पुढे होतं. लगोलग मागे बंडं उसळली, हात्रा शहराचा वेढा फसला, तो आजारी पडला आणि परतीच्या वाटेवर वारला. त्याच्यामागून आलेल्या हॅड्रियनने नवे जिंकलेले प्रदेश सोडून दिले. म्हणजे सोन्यावर कोरलेला विजय दोन वर्षंही टिकला नाही. नाणं खोटं बोलतं असं मी म्हणणार नाही. ज्या महिन्यात ठसा कोरला त्या महिन्यात ते खरंच वाटत असणार. म्हणून तारीख आधी काढायची आणि दावा नंतर तपासायचा.

उत्तरकालीन सॉलिडससाठी

इथे नियम थोडे बदलतात, म्हणून वेगळं सांगतो. चेहरा बऱ्याचदा समोरून असतो, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर भाला. तळाशी सी-ओ-एन-ओ-बी अशी अक्षरं सापडतात: पहिली तीन कॉन्स्टँटिनोपलची, उरलेली दोन शुद्ध केलेल्या सोन्याची, म्हणजे कसाची हमी. ए-व्ही-जी-जी-जी असे तीन जी दिसले तर मूळ अर्थ ‘तीन सम्राट’. एकाच वेळी जितके सम्राट तितके जी. पुढे मात्र हा हिशेब सुटला आणि तीन जी नुसते सवयीने राहिले. विजयाची पंखवाली देवीही बदलते. ती आधी हार धरते, मग लांब क्रूस धरते, आणि सहाव्या शतकात पहिल्या जस्टिनच्या काळात तिच्या जागी समोर पाहणारा पुरुष देवदूत येतो. पंख मात्र तेच. देव बदलले तरी ओळखीचं चित्र लोकांच्या हातून काढून घ्यायचं नव्हतं.

सहावी पायरी: टाकसाळीनंतरच्या खुणा

आपल्याकडे सापडलेल्या नाण्यांसाठी ही पायरी चुकवू नका. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात रोमन सोन्या-चांदीची नाणी आहेत आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यांवर फायदा होतो असंही लिहिलंय. त्याच भडोचला पैठण आणि तेरहून गाड्यांनी माल जाई. आपण ज्याला दीनार म्हणतो तो शब्दही मूळ डिनारियसचाच. गुप्तकाळातल्या लेखांत तो सोन्याच्या नाण्यासाठी येतो.

१८९८ साली तमिळनाडूत पुदुकोट्टई भागात ५०१ ऑरियसांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. घाव खोल आहे, पण सोनं काढून घेतलेलं नाही, वजन जवळपास तेवढंच. म्हणजे चोरी नाही. नाणं म्हणून चलनातून बाद करून धातू म्हणून ठेवलं असावं, असं अभ्यासकांचं एक मत आहे. कारण काहीही असो, घावाची नोंद तितक्याच काळजीने करा: दिशा, लांबी, चेहऱ्यावर कुठे बसला, कडा दबलेल्या आहेत का. तो घाव रोममध्ये लिहिलेल्या वाक्याला इथे कुणीतरी दिलेलं उत्तर आहे.

दुसरी खूण भोकांची. डोक्याच्या वर शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर नाणं दोऱ्यात ओवून अंगावर घातलेलं. कर्नाटकातल्या अक्की आळूरच्या साठ्यातल्या सॉलिडसांवर ती आहेत. भोकं कुठल्या बाजूने पाडली ते भिंगाने पाहा. धातू ज्या बाजूला बाहेर आला आहे ती मागची, आणि लोकांना दिसायची होती ती दुसरी. बहुधा सम्राटाचा चेहरा सरळ राहील अशीच ती पाडलेली असतात. आपल्या पुतळ्यांच्या माळेची आठवण येतेच. ती पुतळीसुद्धा मूळची व्हेनिसच्या डकॅट या सोन्याच्या नाण्यावरच्या मानवी आकृतीची. दूरचं सोनं गळ्यात घालायची आपली हौस जुनी आहे. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्या होत्या. त्या तेरलाही मिळाल्या आहेत.

सातवी पायरी: खरं की बनावट

घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करा. बारीक दोऱ्याला बांधलेलं नाणं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ७.८० ग्रॅमच्या नाण्याला ०.४१ आलं तर भागाकार १९, म्हणजे जवळजवळ शुद्ध सोनं. सुरुवातीच्या ऑरियसांत ते तसंच असतं. ०.४४ आलं तर भागाकार १७.७, बावीस कॅरेटच्या आसपास, म्हणजे संशय घ्या. ०.८८ आलं तर आत तांबं आहे.

धातू खरा निघाला म्हणून नाणं खरं ठरत नाही. कार्ल विल्हेल्म बेकर या जर्मन माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खऱ्या सोन्यावर स्वतः कोरलेल्या ठशांनी नाणी पाडून भलेभले फसवले. म्हणून भिंगाने पृष्ठभाग पाहा. ठोकून पाडलेल्या नाण्यात धातू अक्षरांच्या पायथ्यापासून कडेकडे ओढला गेल्याच्या बारीक रेषा दिसतात. ओतीव नाण्यात अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ, मध्ये सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि कडेवर जोडरेषा घासल्याच्या खुणा.

कागदही तपासा. सीझरच्या हत्येनंतर ब्रूटसने दोन खंजीर आणि मधोमध स्वातंत्र्याची टोपी असलेलं नाणं काढलं, खाली ‘मार्चची आयडीज’ म्हणजे हत्येचा दिवस. त्याचं सोन्यातलं एक नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात २७ लाख पौंडांच्या बोलीला गेलं. नाणं अस्सल होतं, पण आधीच्या मालकांची दाखवलेली साखळी खोटी निघाली, आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आलं.

भारतात तर कायदा स्पष्ट आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. शेतात, पाया खणताना काही सापडलं आणि त्याचं मोल दहा रुपयांहून जास्त असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. माझी कळकळीची विनंती आहे: सापडलं तर सराफाकडे नेऊ नका. आटवलेल्या नाण्याचं सोनं मिळतं, बाकी सगळं जातं. आणि जागेवरून हलवण्याआधी फोटो काढा, कारण कुठल्या भांड्यात, कशाच्या शेजारी ते होतं, ही माहिती नाण्यावर लिहिलेली नसते.

शेवटी नोंद

प्रत्येक नाण्याला एक कार्ड करा. आपल्याकडे नेहमी सापडणाऱ्या एका नाण्याचं कार्ड नमुना म्हणून देतो.

ऑरियस, टायबेरियस, इ.स. १४-३७, टाकसाळ लुग्दुनम (आजचं फ्रान्समधलं लियाँ). वजन ७.७ ग्रॅम. पुढे: लॉरेल घातलेलं डोकं, उजवीकडे तोंड. अक्षरं: ‘टायबेरियस सीझर ऑगस्टस, देव ऑगस्टसचा मुलगा’. मागे: बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात डहाळी. अक्षरं: मुख्य पुरोहित. स्त्री कोण? डहाळीवरून पॅक्स, पण टायबेरियसची आई लिव्हिया असल्याचंही बरेच जण मानतात. दोन्ही लिहून ठेवलं. आकडा नाही, म्हणून साल नेमकं ठरत नाही. नंतरच्या खुणा: चेहऱ्यावर छिन्नीचा एक घाव, कानापासून नाकापर्यंत. मागची बाजू शाबूत.